परक्यांवरचा विश्वास आणि खिसा : बॉस्टनची गोष्ट (अमेरिकेतलं नव्हे)

फेनवाली

बॉस्टन म्हटलं की आपल्या मंडळींना हार्वर्ड आणि बर्फ आठवतं. मी म्हणतेय ते बॉस्टन इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, लिंकनशरमध्ये आहे. अमेरिकेतल्याचं नाव याच गावावरून पडलं. काळी, सपाट, पाणथळातलं पाणी काढून तयार केलेली जमीन. कोबी, फ्लॉवर, लीक, बटाटा, आणि थंडी सरताना डॅफोडिलची शेतं. २३ जून २०१६ च्या सार्वमतात या गावातल्या ७५.६ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. देशात सगळ्यात जास्त. त्याच दिवशी लंडनच्या लँबेथमध्ये ७८.६ टक्के लोक राहायच्या बाजूने होते.

मी या भागातल्या एका भाजी पॅकिंगच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. सार्वमतानंतर वर्तमानपत्रांनी या गावावर इतकं लिहिलं की विचारू नका. सगळ्यांचा सूर एकच: गरीब आणि चिडलेली माणसं, म्हणून परके नकोसे. मला हे गणित जुळत नाही. २०१६ मध्ये देशातली बेकारी पाच टक्क्यांच्या आत होती. बॉस्टनमध्येही काम मिळत नाही अशी ओरड नव्हती. पगार कमी होते हे खरं, पण ते पूर्वीही कमीच होते.

मग झालं काय? १ मे २००४ ला पोलंड, लिथुएनिया, लाटव्हिया वगैरे दहा देश संघात आले. जर्मनी-ऑस्ट्रियाने त्यांच्या कामगारांना २०११ पर्यंत दार बंद ठेवलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्या दिवसापासून उघडलं. सरकारसाठी केलेला अंदाज होता वर्षाला ५ ते १३ हजार माणसांचा. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले ५८ हजार होते, २०११ मध्ये ५ लाख ७९ हजार. बॉस्टनमध्ये तोवर दर दहा माणसांत एक या नव्या देशांतून आलेला.

आता हे जमिनीवर कसं दिसतं ते सांगते. पहाटे पाचच्या आधी गावातल्या ठरावीक कोपऱ्यांवर मिनीबस थांबतात. गँगमास्टर, म्हणजे आपला ऊसतोडीचा मुकादमच म्हणा, माणसं भरतो. उद्या काम आहे की नाही ते रात्री मोबाइलवरच्या मेसेजने कळतं, कारण सुपरमार्केटची ऑर्डर संध्याकाळपर्यंत बदलत असते. पाऊस पडला, ब्रोकोलीची मागणी पडली, की मेसेज नाही आणि मजुरीही नाही. जे घर एका कुटुंबाला भाड्याने जायचं, त्याच्या बैठकीच्या खोलीतसुद्धा दोन खाटा पडतात आणि भाडं माणशी घेतलं जातं. घरमालक खूश. शेजारी भाड्याने राहणाऱ्या स्थानिक जोडप्याला पुढच्या वर्षी भाडंवाढीचं पत्र येतं. सकाळी आठला दवाखान्यात फोन लावला तर लाइनमध्ये आपला नंबर कितवा ते ऐकत बसा. वेस्ट स्ट्रीटवर बंद पडलेल्या दुकानांच्या जागी लिथुएनियन आणि पोलिश किराणा आला. खरं तर त्यामुळे रस्ता जिवंत राहिला, पण आपल्याला वाचता न येणाऱ्या पाट्यांचा रस्ता सगळ्यांना आपला वाटत नाही.

लोकांच्या नजरेत भरला तो मिनीबसमधला माणूस. सुपरमार्केटचा खरेदी अधिकारी, घरमालक आणि लंडनमधलं अर्थखातं नजरेत भरत नाहीत. त्यावरून माझं मत असं झालंय: माणसं परक्यावर अविश्वास दाखवतात त्याचा संबंध गरिबीशी थोडा आणि 'गर्दीचं बिल कोणाच्या नावाने फाडलं' याच्याशी जास्त आहे. लेबर सरकारने २००९ मध्ये अशा भागांतल्या शाळा-दवाखान्यांसाठी खास निधी काढला होता. पैसे फार नव्हते. २०१० मध्ये नव्या आघाडी सरकारने तोही बंद केला. नवे लोक आले, निधी गेला, आणि मग पुढाऱ्यांना प्रश्न पडला की बॉस्टनचे लोक असे का वागतात!

इतर देशांत राहणाऱ्यांचा काय अनुभव? भारतातल्यांनीही लिहा.

---

गोखलेनगर

छान धागा. वाचतोय. मुकादमावर सरकारी नियंत्रण काही आहे का तिकडे?

---

फेनवाली

आहे. ५ फेब्रुवारी २००४ ला मोरकँब खाडीत भरतीच्या पाण्यात शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर बुडाले. त्यांना रात्री खाडीत पाठवणारा असाच एक टोळीवाला होता. त्यानंतर त्याच वर्षी गँगमास्टरला परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. परवाने आले, पण रात्रीच्या मेसेजची पद्धत काही गेली नाही.

---

खवचट काका

म्हणजे सगळं व्यवस्थेचं पाप आणि माणसं बिचारी गाईसारखी गरीब. ताई, एक तारीख देतो: २० एप्रिल १९६८. वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार इनॉक पॉवेल यांचं बाहेरून येणाऱ्यांविरुद्धचं बर्मिंगहॅममधलं भाषण. तेव्हा ब्रिटनमध्ये बेकारी तीन टक्क्यांच्याही खाली होती. कामाला माणूस मिळत नाही म्हणून बस आणि फाउंड्रीवाले पंजाब आणि कॅरिबियनमधून आलेल्यांना हसत घेत होते. मंदी नव्हती. तरी पक्षनेते हीथ यांनी पॉवेलना शॅडो कॅबिनेटमधून, म्हणजे विरोधी पक्षाच्या पर्यायी मंत्रिमंडळातून, काढल्यावर तीनच दिवसांत लंडनचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर मोर्चा घेऊन गेले. गॅलपच्या पाहणीत ७४ टक्के लोक पॉवेलशी सहमत निघाले. खिशाचा काय संबंध? रंगाचा होता, आणि तो मान्य करायला आपल्याला लाज वाटते एवढंच.

---

पैलतीर

काका, रंगाचा होताच, त्यात वाद नाही. पण उदाहरण तुम्ही गोदी कामगारांचंच घेतलंत म्हणून सांगतो. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या गोदीतली रोजंदारीची जुनी पद्धत मोडली गेली होती, आणि १९६८ मध्ये लंडनजवळच्या टिलबरी बंदरात कंटेनर उतरू लागले. शंभर माणसांचं काम आता एक क्रेन करणार, हे त्या माणसांना डोळ्यांसमोर दिसत होतं. देशाची बेकारी तीन टक्के असेल, त्यांच्या धंद्याला मात्र घरघर लागलेली होती. सरासरी आकड्यात हे सापडत नाही. अर्थात कंटेनरच्या विरोधात मोर्चा काढायचा सोडून ते वेस्ट इंडियन माणसाच्या विरोधात का गेले, तिथे तुमचा मुद्दा उरतोच.

आता थोडा विदा (आकडेवारी). वॉरविक विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ थिमो फेत्झर यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. २०१० नंतर ज्या भागांत सरकारी मदतीला जास्त कात्री लागली, तिथे युकिपची (संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या पक्षाची) मतं जास्त वाढली, असं त्यात दिसतं. परके तिथे आधीपासून होतेच. कात्री लागल्यावर त्यांच्याकडे बघायची नजर बदलली.

दुसऱ्या बाजूने, सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने २०१८ च्या अहवालात म्हटलं की युरोपीय कामगारांमुळे एकूण पगारांवर परिणाम जवळजवळ नाही, कमी कौशल्याच्या कामांत किंचित असेल, आणि हे लोक सरकारकडून जेवढं घेतात त्याहून जास्त कर भरतात. म्हणजे तिजोरीला फायदा झाला. तो बॉस्टनपर्यंत पोचला नाही, हे धाग्यात आलंच आहे.

अमेरिकेत हाइनम्युलर आणि हॉपकिन्स या दोघांनी २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यांच्या मते, माझी नोकरी जाईल का यापेक्षा 'देशाचं काय होणार' ही चिंता माणसाचं मत जास्त घडवते. त्यामुळे ज्याची नोकरी शाबूत आहे तोही परक्यांवर चिडलेला असू शकतो. निवृत्त माणसं सगळ्यात चिडलेली का असतात, हे कोडं त्यातून थोडं सुटतं.

---

खवचट काका

मी निवृत्त आहे. नोंद घ्यावी.

---

सुधा ड्रेस्डेन

काका :)

इथलं सांगते. पूर्व जर्मनीत परदेशी माणसांचं प्रमाण पश्चिमेच्या मानाने कितीतरी कमी, आणि परक्यांबद्दलचा राग जास्त. २०१७ च्या निवडणुकीत एएफडी या स्थलांतरविरोधी पक्षाला देशभरात १२.६ टक्के मतं होती, आमच्या सॅक्सनीत २७ टक्के. तिथे तो पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरला. २०२५ च्या फेब्रुवारीत देशातच २०.८ टक्क्यांवर गेला. २०१७ मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था दणक्यात होती. फेनवालीताईंचा 'गर्दीचं बिल' सिद्धांत इथे लंगडतो, कारण इथे गर्दीच नाही. तरुण पोरं पश्चिमेला निघून गेल्याने शाळा बंद पडल्यात.

पण इथल्या पन्नाशीपुढच्या माणसांशी बोललं की १९९० चीच गोष्ट निघते. एकीकरणाच्या वेळी पूर्वेतले सरकारी कारखाने एका संस्थेकडे, ट्रॉयहांडकडे, दिले गेले. १९९४ पर्यंत तिने विकले तरी किंवा बंद तरी केले. ज्यांना एकदा कामावर लागलं की जन्माची काळजी मिटली असं वाटायचं, ती माणसं चाळिशीत घरी बसली. २००५ च्या आसपास पूर्वेत बेकारी १८ टक्क्यांच्या वर होती. माझ्या शेजारच्या आजोबांना २०१५ मध्ये सीरियन निर्वासित आले तेव्हा काय बोचलं? "यांच्यासाठी लगेच पैसे निघाले. आमच्या वेळी तिजोरीत खडखडाट होता." त्यांच्या नोकरीवर कुठला सीरियन येणार, ते तर निवृत्त. हिशेब पंचवीस वर्षांपूर्वीचा होता, समोर दिसला त्याच्या खात्यावर टाकला.

आणि ऑगस्ट १९९२ मध्ये रॉस्टॉकच्या लिख्टेनहागेनमध्ये जमावाने जी इमारत पेटवली, तिच्यात व्हिएतनामी कंत्राटी कामगार होते. पूर्व जर्मनीच्याच सरकारने त्यांना करार करून आणलं होतं. खाली लोक टाळ्या वाजवत होते. अशा वेळी आर्थिक कारणं सांगताना माझी जीभ जरा अडखळते. कारण सांगणं आणि माफ करणं यांत फरक आहे, तो इथल्या चर्चांत फार लवकर पुसला जातो.

---

टोमॅटोचं सार

सुधाताईंचा प्रतिसाद फार आवडला. शेवटच्या परिच्छेदाला +१.

मी लंडनजवळ स्लाउमध्ये (Slough) राहते. आपल्या लोकांबद्दलही बोलू या का? स्लाउमध्ये ५४ टक्क्यांहून जास्त मतदान बाहेर पडायच्या बाजूने झालं. जवळजवळ अर्धं गाव आशियाई. देशभरात आशियाई मतदारांपैकी साधारण तिसरा हिस्सा तिकडे गेला. त्या वेळी बाहेर पडायचा प्रचार करणाऱ्या प्रीती पटेल वगैरे पुढाऱ्यांनी करी रेस्तराँवाल्यांना सांगितलं होतं की युरोपीय लोकांना दार उघडं असल्यामुळेच तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळत नाही. रेस्तराँवाल्यांना पटलं. आमच्या गणेशोत्सवाच्या मांडवात मोदक वळता वळता मी हे ऐकलंय: "आम्ही शिकून, फी भरून, रांगेतून आलो, हे नुसते बस पकडून आले." बोलणाऱ्याची स्वतःची वर्षाला चाळीस-पन्नास हजार पौंडांची नोकरी होती, पोलिश प्लंबरशी काडीची स्पर्धा नव्हती.

स्लाउचं अजून एक. पोलिश लोक आले तेव्हा आमच्या कौन्सिलची (नगरपालिकेची) तक्रार होती की सरकारी लोकसंख्येच्या आकड्यात हे लोक धरलेलेच नाहीत. आकड्यावर निधी ठरतो. माणूस शाळेत आहे, कचऱ्यात आहे, दवाखान्यात आहे, फक्त आकड्यात नाही.

---

ब्रॅम्प्टनकर

कॅनडाचं उदाहरण या धाग्याला अगदी फिट्ट आहे. इथे वर्षानुवर्षं स्थलांतराला लोकांचा पाठिंबा होता. १९६७ पासून गुणांची पद्धत आहे, आम्ही बरेचसे तीतूनच आलो. एन्व्हायरॉनिक्स या संस्थेच्या पाहणीत 'फार जास्त लोक येतात' म्हणणारे २०२२ मध्ये २७ टक्के होते, २०२३ मध्ये ४४, २०२४ मध्ये ५८. दोन वर्षांत दुप्पट! दोन वर्षांत कोणी वंशवादी होत नाही हो. संस्कृती बिघडते असं म्हणणारे कमी. मुख्य तक्रार घरांची आणि अर्थव्यवस्थेची.

आता यामागची मेख बघा. आमच्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने २०१९ मध्ये इथल्या मुलांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि तिथेच गोठवली. कॉलेजना अनुदान वाढवून दिलं नाही. मग कॉलेजनी काय केलं? परदेशी विद्यार्थी भरले, त्यांची फी कितीतरी पट. २०२३ संपताना देशात अभ्यास परवान्यावर दहा लाखांच्या आसपास लोक होते, सर्वांत जास्त भारतातले. पंजाब, गुजरात आहेतच, पण नाशिक-नगरची पोरंही भेटतात. येताना बँकेत दाखवायची रक्कम दोन दशकं १० हजार डॉलरवर होती. टोरांटोच्या भाड्यात ती अर्धं वर्षही पुरत नाही. ती २० हजार ६३५ केली, कधी? १ जानेवारी २०२४ ला. घोडं निघून गेल्यावर तबेल्याला कुलूप.

मधल्या काळात एकेका तळघरात सहा-सात पोरं. आमच्या इथल्या एका फूड बँकेने परदेशी विद्यार्थ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हा सर्वांत जास्त शिव्या कोणी दिल्या? आमच्याच वीस वर्षं जुन्या देशी मंडळींनी, आणि तीच मंडळी तळघरं भाड्याने देत होती. कॉलेजचा ताळेबंद सुधारला, घरमालकाचा हप्ता फिटला, आणि अविश्वास आला टिम हॉर्टन्समध्ये कॉफी देणाऱ्या पोराच्या वाट्याला.

---

जुना गिरणगाव

हे सगळं वाचताना लालबाग-परळ आठवलं नाही असा मुंबईकर नसेल. १९६६ साली शिवसेना निघाली, त्याआधी 'मार्मिक'मध्ये कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या 'वाचा आणि थंड बसा' म्हणून छापून येत होत्या. तेव्हा राग कशावर होता बघा: कारकुनी, टायपिस्ट, बँक, विमा. मॅट्रिक झालेला मराठी मुलगा ज्या खुर्चीकडे बघत होता, तिथे बसलेल्यावर. स्थानीय लोकाधिकार समितीने पुढे लढे दिले तेही बँका, एलआयसी आणि विमान कंपन्यांतल्या जागांसाठी. आमच्या काकांची बँकेतली नोकरी त्याच काळातली, ते आजही शपथ घेऊन सांगतात की दबाव नसता तर अर्ज कचऱ्यात गेला असता. त्यांना तुम्ही द्वेष्टे म्हणा, ते हसतील.

मग १९८२ चा संप, गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर आले. २००८ मध्ये मार खाल्ला तो रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांनी आणि टॅक्सीवाल्यांनी. तोवर दाक्षिणात्य माणूस कोणाच्या खिजगणतीत नव्हता. त्याने इडली बदलली का मराठी माणसाची जीभ बदलली? नोकरीचा बाजार बदलला. गिरण्यांची जमीन कोणी विकली आणि कोणी घेतली, त्यांच्या दारात मात्र मोर्चा गेल्याचं फारसं आठवत नाही.

---

खवचट काका

आता आलात घरी! पण गिरणगावकर, तुमच्या काकांची बाजू इतक्या पटकन सोडू नका. मराठी मुलगा खरोखर डावलला जात होता. तक्रार खरी असू शकते आणि तिचा रोख चुकीचा असू शकतो. बॉस्टनच्या माणसाचंही तसंच असेल तर 'त्याला दिसत नाही, मला दिसतं' असा सूर लावायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

---

व्यवस्थापक

धागा चांगला चालला आहे. मराठी-अमराठी विषयावर स्वतंत्र धागे भरपूर आहेत, इथे तो फाटा वाढवू नये. पक्षांच्या आजच्या राजकारणावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

---

गोखलेनगर

एक बाळबोध प्रश्न. ब्रिटन बाहेर पडून झालं. मग बॉस्टनमध्ये विश्वास वाढला का? पगार वाढले का?

---

फेनवाली

बाळबोध कसला, मुद्द्याचाच आहे.

युरोपीय कामगारांचा मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. कोबी काही स्वतःहून ट्रेमध्ये बसत नाही, त्यामुळे सरकारने त्याआधीच हंगामी कामगारांचा व्हिसा काढला होता. २०१९ मध्ये अडीच हजारांपासून सुरुवात केली, २०२३ साठी मर्यादा ४५ हजारांपर्यंत नेली. आधी युक्रेनमधून लोक यायचे. युद्धानंतर नेपाळ, इंडोनेशिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान. सहा महिने काम, मग परत. बरेच जण शेतावरच कॅरॅव्हानमध्ये राहतात. जुन्या लिथुएनियन बाईची मुलं इथल्या शाळेत होती, तिला माझ्या सुपरवायझरचं नाव आणि त्याच्या कुत्र्याचंही नाव माहीत होतं. नव्या माणसाशी ओळख व्हायच्या आत त्याचा व्हिसा संपतो. बऱ्याच जणांनी येण्यासाठी घरी कर्ज काढलेलं असतं, ते पहिल्या काही महिन्यांत फेडायचं असतं. तक्रार करायची कोणी हिंमत करत नाही.

पगाराचं म्हणाल तर किमान वेतन वाढलं म्हणून सगळ्यांचाच वाढला. भाडीही वाढली.

विश्वासाचं काय सांगू. सार्वमतानंतर काही वर्षं देशातलं मत परक्यांबद्दल चक्क मवाळ झालं होतं. दाराची किल्ली आपल्या हातात आहे असं वाटल्यामुळे, असं काहींचं म्हणणं, आणि मला ते पटतं. मग २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतराचा (येणारे वजा जाणारे) वार्षिक आकडा नऊ लाखांच्या घरात गेला, त्यात केअर व्हिसावर, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करायला आलेले आपले केरळी आणि नायजेरियन खूप. 'आकडा खाली आणतो' म्हणून मतं घेतलेल्यांनीच तो वर नेला. जुलै २०२४ मध्ये बॉस्टन आणि स्केगनेसची जागा रिफॉर्म या स्थलांतरविरोधी पक्षाच्या रिचर्ड टाइस यांनी जिंकली. ऑगस्टमध्ये रॉदरहॅमजवळ आश्रयार्थींना ठेवलेल्या हॉटेलला जमावाने आग लावायचा प्रयत्न केला, साउथपोर्टमधल्या लहान मुलींच्या हत्याकांडातला आरोपी आश्रयार्थी असल्याच्या अफवेवरून. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता.

काका, तुमच्या प्रश्नाला उत्तर. माझा अधिकार एवढाच की मी त्याच कँटीनमध्ये बसते. आमच्या पॅकिंग लाइनवरची एक स्थानिक बाई, बाहेर पडायला मत दिलेली, मला सरळ म्हणाली: "तू वेगळी, तू कामाला आलीस." मी म्हटलं, तेही कामालाच आले होते. ती म्हणाली, "हो, पण त्यांच्यामुळे माझ्या पोराला कौन्सिलचं घर मिळालं नाही." मी कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची स्वस्त भाड्याची, नवी घरं बांधणं कधीपासून थांबलंय ते सांगायला गेले. तिला माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "ते मला ठाऊक आहे गं," म्हणाली, "पण ज्यांनी घरं बांधली नाहीत ते कुठे राहतात ते मला माहीत नाही. हे शेजारी राहतात."

---

ब्रॅम्प्टनकर

फेनवालीताई, तिच्या पोराला घर मिळालं का पुढे?

---

फेनवाली

नाही. तो लीड्सला गेला. तिथे एका पोलिश माणसाबरोबर फ्लॅट वाटून राहतो, आणि दोघं मिळून घरमालकाला शिव्या घालतात.

---

खवचट काका

हे ठीक आहे. बाकी १९६८ वर मी अजून ठाम आहे. गोदीवर वेगळा धागा काढतो, पैलतीर, तयारीत राहा.